ईशिमच्या तीरावरील राजधानी

ईशिम नदीच्या काठी, उत्तर कझाकस्तानच्या सपाट गवताळ प्रदेशात, 1830 साली झारच्या सैनिकांनी एक ठाणे वसविले. त्याचे पुढे अक्मोलिन्स्क नावाचे शहर झाले. स्तालिनच्या राजवटीत या शहरानजीक 'देशद्रोह्यां'च्या बायकांची छावणी होती. नवऱ्याच्या कथित अपराधापायी हजारो स्त्रियांनी तेथे शिक्षा भोगली. 1954 पासून या भागातील पडीक जमीन नांगराखाली आली आणि 1961 मध्ये शहर त्सेलिनोग्राद, म्हणजे पडजमिनीची नगरी, झाले. 1992 मध्ये ते अक्मोला झाले. या शब्दाचा रूढ अर्थ 'पांढरी कबर' असा आहे. राजधानीस असे नाव शोभावे तरी कसे!

परंतु राजधानी येथेच न्यावयाची, असा नूरसुलतान नझरबायेव यांचा निश्चय होता. 1989 मध्ये कझाकस्तानच्या साम्यवादी पक्षाचे प्रमुख झालेले नझरबायेव स्वातंत्र्यानंतरही सत्तेवर राहिले. 1994 च्या जुलैत विधिमंडळाने स्थलांतराचा ठराव संमत केला. आल्माती देशाच्या आग्नेय कोपऱ्यात, भूकंपाच्या पट्ट्यात, डोंगरांनी अडविलेली आहे, ही कारणे सांगण्यात आली. ती खोटी नव्हती. मात्र 1989 च्या शिरगणतीत कझाकांचे प्रमाण शेकडा 40 च्या आसपास, तर रशियनांचे 38 च्या आसपास होते, आणि उत्तरेत रशियनांचेच प्राबल्य होते. तो मुलूख हातचा जाऊ नये, हा हेतू फारसा बोलून दाखविला गेला नाही; आमच्या मते खरे कारण तेच. राजधानी हलविणारा राजा म्हटला की आमच्या वाचकांस महंमद तुघलक आठवणार. पण तुघलकाची राजधानी परत फिरली, ही फिरली नाही. या निर्णयापुरते नझरबायेव यांस दूरदर्शी म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

10 डिसेंबर 1997 रोजी अक्मोला राजधानी झाली. हिवाळ्यात पारा शून्याखाली 40 अंशांपर्यंत उतरणाऱ्या त्या गावी आल्मातीचे कारकून आणि अधिकारी काय मनाने गेले असतील, याची कल्पनाच केलेली बरी. पुढच्या वर्षी नाव अस्ताना ठेवले. त्याचा अर्थ नुसता 'राजधानी'. जपानी वास्तुविशारद किशो कुरोकावा यांनी आराखडा केला आणि नदीच्या डाव्या तीरावर नवे शहर उठले. नॉर्मन फॉस्टर यांनी तेथे 2006 मध्ये पिरॅमिड व 2010 मध्ये प्रचंड तंबूच्या आकाराची इमारत उभी केली. बायतेरेक मनोरा 97 मीटर उंचीवरील सज्ज्याने 1997 चे स्मरण देतो, आणि त्याच्या माथ्यावर नझरबायेव यांच्या पंजाचा सोनेरी ठसा बसविला आहे. 'राजधानी दिन' 6 जुलैला येतो. तो त्यांचा वाढदिवसही होय.

या वैभवामागे पश्चिमेकडील तेलाचा पैसा होता. त्याच पश्चिमेत, झानाओझेन येथे, 16 डिसेंबर 2011 रोजी, स्वातंत्र्याच्या विसाव्या वर्धापनदिनी, संप केलेल्या तेलकामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या; किमान 14 माणसे मेली. राजधानीतील मनोऱ्यांविषयी कौतुकाने लिहिणाऱ्यांनी हा दिवस वगळू नये.

मार्च 2019 मध्ये नझरबायेव यांनी राष्ट्राध्यक्षपद सोडले. त्यांचे उत्तराधिकारी कासिम-जोमार्त टोकायेव्ह यांनी शपथ घेतल्याच दिवशी राजधानीस त्यांचे नाव देण्याची सूचना केली, आणि अस्तानाची नूर-सुलतान झाली. जानेवारी 2022 मध्ये इंधनाच्या भाववाढीवरून दंगे पेटले. 'म्हातारबा, चालता हो!' अशा आरोळ्या रस्त्यांवर उठल्या, ताल्दीकोर्गान येथे त्यांचा पुतळा पाडला गेला, आणि सरकारी हिशेबानेच दोनशेंवर माणसे प्राणास मुकली. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नगरीस पुन्हा अस्ताना हे नाव मिळाले. त्या बदलावर सही होती टोकायेव्ह यांचीच.