लायकेन स्क्लेरोसस आणि कर्करोग

लायकेन स्क्लेरोसस : जननेंद्रियांच्या त्वचेचा दीर्घकाळ चालणारा दाहक विकार. त्वचा पांढुरकी, पातळ व सुरकुतलेली होते, चिरा पडतात आणि रात्री खाज असह्य होते. पुढे योनिमुख आक्रसते. पुरुषांत शिश्नाची अग्रत्वचा मागे सरकेनाशी होते. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत तो विशेष आढळतो, तसाच न्हाण न आलेल्या मुलींतही. फ्रेंच वैद्यक आल्लोपो यांनी १८८७ मध्ये त्याचे वर्णन केले. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच त्वचेवर उलटते, असे मानले जाते. हा रोग संसर्गजन्य नाही आणि शरीरसंबंधातूनही पसरत नाही. हे घरातल्यांना स्पष्ट सांगावे लागते, कारण संशयाचा त्रास बाईलाच होतो.

हा रोग म्हणजे कर्करोग नव्हे. मात्र उपचार न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २ ते ५ टक्के जणींत योनिमुखाच्या त्वचेत स्क्वॅमस पेशींचा कर्करोग उद्भवतो. पुरुषांतही शिश्नाच्या कर्करोगाशी या रोगाचा संबंध आहे. वर्षानुवर्षांच्या दाहात पेशी सतत मरतात व नव्या होतात. त्यात पी५३ या जनुकात बिघाड झाला की वाढीवरचा लगाम सुटतो. योनिमुखाचा दुसऱ्या प्रकारचा कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होतो. त्याचा मार्ग निराळा, त्यामुळे एचपीव्हीची लस या रोगातल्या धोक्यावर पुरेशी नाही.

दीर्घ दाहातून कर्करोग ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील व. रा. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेला होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. लुगडे-परकराच्या काचातून झालेले असेच कर्करोग वर्ध्याच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये नोंदवले. तेथे कारण घर्षणाचे आहे, पण न भरणारी जखम दोन्हीकडे सारखीच धोक्याची.

उपचार साधा आहे : क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड मलम, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, खाज थांबल्यावरही नियमाने. ऑस्ट्रेलियात ५०७ स्त्रियांच्या पाहणीत (२०१५) नियमित उपचार घेणाऱ्या एकीलाही कर्करोग वा त्याची पूर्वावस्था झाली नाही. अनियमित घेणाऱ्यांत हे प्रमाण ४.७ टक्के होते.

पण त्याआधी रोग ओळखला जायला हवा. परभणी जिल्ह्यात, मराठवाड्यात इतरत्र असते तसेच, ‘खाली खाज येते’ एवढेच बाई सांगते, तेही दुसऱ्या बाईला. मग पांढरेपणाला कोड, खाजेला नायटा समजून मेडिकलमधली ट्यूब लावली जाते. कोडात त्वचा पातळ होत नाही, चिराही पडत नाहीत. तपासणीसाठी परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कर्करोगाच्या पुढील उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. काही आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, जाड चट्टा किंवा रक्तस्राव दिसला, तर मलम बदलत बसू नये; त्वचेचा तुकडा काढून तपासून घ्यावा. लवकर सापडलेला कर्करोग लहान शस्त्रक्रियेने निघतो. उशीर झाल्यास जांघेतल्या लसिका ग्रंथींवरही शस्त्रक्रिया करावी लागते.