कर्नलची न संपणारी देखभाल

संगणकावर वा मोबाईलवर आपण वापरतो ती सॉफ्टवेअर यंत्राशी थेट व्यवहार करीत नाहीत. प्रोसेसरचा वेळ कोणाला किती द्यायचा, मेमरी कशी वाटायची हे ठरविणारा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल होय. वायफाय चिप, ध्वनी कार्ड, कॅमेरा अशा प्रत्येक उपकरणाची भाषा कर्नलला उलगडून सांगणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. एखादे साधे सॉफ्टवेअर बिघडले तर ते तेवढेच बंद पडते. ड्रायव्हरमधील चूक मात्र सगळे यंत्रच ठप्प करू शकते.

फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा कर्नल लिहिला, तेव्हा तो सुमारे १० हजार ओळींचा होता. २०२५ च्या आरंभी त्याने ४ कोटी ओळींचा टप्पा ओलांडला. त्यातील निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचाच आहे.

एकदा लिहिलेला कोड गंजत नाही, मग त्याला देखभाल कशाला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. कोड तसाच राहतो, पण त्याच्या भोवतीचे सारे बदलत जाते. लिनक्समध्ये वापरकर्त्याचे जुने सॉफ्टवेअर नव्या कर्नलवर चाललेच पाहिजे, असा कडक दंडक आहे. कर्नलच्या आतील रचनेबाबत मात्र कोणतीही हमी नाही. यूएसबीची अंतर्गत व्यवस्था किमान तीनदा नव्याने बांधली गेली. असा बदल करणाऱ्याने त्यावर विसंबून असलेले, कर्नलमध्ये समाविष्ट असलेले सर्व ड्रायव्हरही स्वतःच दुरुस्त करायचे, हा तेथील शिरस्ता. साहजिकच, कर्नलमध्ये दाखल झालेला ड्रायव्हर काळाबरोबर पुढे सरकतो, तर कंपनीने स्वतःजवळ ठेवलेला ड्रायव्हर मागे पडतो. नवी आवृत्ती साधारणतः दर नऊ-दहा आठवड्यांनी येते, त्यामुळे मागे पडायला फारसा वेळही लागत नाही.

प्रत्येक विभागाची जबाबदारी ठराविक देखभालकर्त्यांकडे असते. जगभरातून ई-मेलने आलेल्या दुरुस्त्या ते तपासतात आणि योग्य त्या वर पाठवितात. खरी अडचण जुन्या उपकरणांची. दुरुस्ती वाचून पटते, ती संगणकाच्या भाषेत सुरळीत रूपांतरितही होते. पण उपकरण चालते की नाही, हे ते हाताशी असल्याखेरीज कळत नाही. २०१९ मध्ये टोरवाल्ड्स यांनी फ्लॉपीचा ड्रायव्हर 'अनाथ' म्हणून नोंदविला, कारण चालू स्थितीतील फ्लॉपी ड्राइव्ह देखभालकर्त्याकडेही उरला नव्हता. सुदैवाने पुढे त्याला नवा वाली मिळाला. सर्वांचे नशीब असे नसते. ज्या इंटेल ३८६ प्रोसेसरवर लिनक्सचा जन्म झाला, त्याचाच आधार २०१३ च्या ३.८ आवृत्तीत काढून टाकण्यात आला. २०२४ च्या आरंभी आलेल्या ६.७ आवृत्तीतून इंटेलचाच इटॅनियम वगळला गेला. त्याची निगा राखायला कोणी उरले नव्हते.

हा विषय सामान्य ग्राहकाच्या खिशापर्यंत पोहोचतो तो मोबाईलमुळे. अँड्रॉइड लिनक्सच्याच कर्नलवर चालते. चिप बनविणाऱ्या कंपन्या कर्नलची एक आवृत्ती उचलत, तीत स्वतःचा प्रचंड कोड मिसळत आणि तो मूळ प्रकल्पाकडे क्वचितच परत देत. नवी चिप बाजारात आली, की जुन्या चिपचे ड्रायव्हर नव्या कर्नलवर नेण्यात कोणालाच रस उरत नसे. बॅटरी धडधाकट, पडदा शाबूत. तरीही सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबल्याने फोन निवृत्तीला आलेला, हा अनुभव अनेकांनी घेतला आहे. यात दोष यंत्राचा नव्हे, देखभालीचा.

यावर उपाय म्हणून गूगलने अँड्रॉइड १२ आणि ५.१० कर्नलसह येणाऱ्या फोनांपासून सर्वांसाठी एकच सामाईक कर्नल आणि कंपन्यांचे ड्रायव्हर वेगळ्या मोड्यूलमध्ये, अशी विभागणी लागू केली. त्यामुळे ड्रायव्हरांना धक्का न लावता कर्नलमधील सुरक्षेच्या दुरुस्त्या देता येतात. ही सोय मात्र कर्नलच्या त्याच शाखेपुरती आहे. पुढील शाखेवर जायचे झाल्यास ड्रायव्हर पुन्हा नव्याने जुळवावे लागतात, आणि ते काम चिपच्या कंपनीचेच राहते.