दिव्यांग तरुणांची रोजगारतयारी आणि ऑनलाइन सहमार्गदर्शन

१. स्वरूप
दिव्यांग तरुणाला त्याच प्रकारचे अपंगत्व असलेल्या आणि आधीच कमावत्या झालेल्या व्यक्तीने नोकरीसाठी ठरवून, नियमितपणे केलेली मदत म्हणजे सहमार्गदर्शन. शिक्षक कौशल्य शिकवतो, समुपदेशक मन सावरतो. मात्र मुलाखतीत अपंगत्वाचा विषय केव्हा काढायचा, साहेबांकडे कोणती सोय मागायची, हे त्या वाटेने गेलेलाच सांगू शकतो.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण नसीमा हुरजूक यांचे आहे. किशोरवयात कमरेखालचे शरीर लुळे पडल्यावर त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. तेही पॅराप्लेजिक होते, आणि त्या भेटीने हुरजूक यांना उभारी मिळाली. पुढे त्यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. पण अशी भेट योगायोगावर सोडता येत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात १९९२मध्ये सुरू झालेल्या ‘डू-इट’ केंद्राने ईमेलद्वारे दिव्यांग विद्यार्थ्यांना दिव्यांग मार्गदर्शकांशी जोडले आणि त्या योगायोगाला व्यवस्थेचे रूप दिले.

२. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात गरज का?
पहिले कारण अंतर. बदलापूर सीएसएमटीपासून सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. अंध व कर्णबधिरांसाठीच्या मोठ्या संस्था वरळी-वांद्र्याला आहेत. तासाभराच्या सल्ल्यासाठी पूल, गर्दी आणि लोकल यांत अख्खा दिवस जातो.

दुसरे कारण स्थानिक रोजगाराचे स्वरूप. उल्हासनगरात जीन्स आणि फर्निचरचे छोटे कारखाने आहेत, अंबरनाथ-बदलापुरात एमआयडीसी आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आस्थापनांत ४ टक्के आरक्षण दिले. खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करावे लागते; २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर ते अधिक तपशीलवार हवे. पण त्याहून लहान युनिटमध्ये प्रत्यक्षात मालकाशी समोरासमोर बोलूनच मार्ग काढावा लागतो. ते बोलणे सरावाने येते, आणि सराव अनुभवी माणसाबरोबरच होतो.

३. पद्धत
माध्यम अपंगत्वानुसार निवडावे. अंध तरुणाला एनव्हीडीए हा संगणकाचा पडदा वाचून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर फोनवरून, आवाज ऐकवत शिकवता येतो. कर्णबधिरासाठी भारतीय सांकेतिक भाषेतला व्हिडिओ कॉल हवा. लिखित मराठी अनेकांना परकी वाटते, म्हणून नुसते मेसेज अपुरे पडतात. व्हीलचेअर वापरणाऱ्याला मार्गदर्शकाने कामाच्या ठिकाणचा उतार, लिफ्ट आणि स्वच्छतागृह यांचे चित्रीकरण पाठवावे. बौद्धिक अपंगत्व असल्यास पालकांना सोबत घेऊन छोट्या टप्प्यांत, पुन्हा पुन्हा सांगावे लागते. उल्हासनगरात सिंधी, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषा चालतात. त्यामुळे जोडी लावताना भाषाही पाहावी.

क्रम असा असावा: आपली गरज स्पष्ट शब्दांत मांडणे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) व अन्य कागदपत्रे पुरी करणे, मुलाखतीचा सराव, आणि रुजू झाल्यानंतरचे पहिले तीन महिने. शेवटचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, कारण नोकरी सुटते ती बहुधा तिथेच. सहकाऱ्याचा एखादा शब्द, न मिळालेली सोय, पाळीची वेळ अशा साध्या अडचणींवर त्याच संध्याकाळी बोलायला कुणी असेल, तर राजीनामा टळू शकतो.

४. मर्यादा
ऑनलाइन सोबत प्रत्यक्ष कामाची जागा घेऊ शकत नाही; महिन्यातून एकदा तरी कारखान्यात किंवा दुकानात भेट हवीच. घरात एकच फोन असेल तर मुलीला मोकळेपणाने बोलता येत नाही, म्हणून वेळ आणि जागा तिच्याशी बोलून ठरवावी. अल्पवयीनांच्या बाबतीत संभाषणावर संस्थेची देखरेख असावी, आणि जोडी जमली नाही तर ती बदलण्याची मुभा असावी.

५. निष्कर्ष
मार्गदर्शकाच्या सेवाभावावर ही व्यवस्था टिकणार नाही. नोकरी सांभाळून दुसऱ्याला घडवणे हे कौशल्याचे काम आहे. त्याला प्रशिक्षण आणि मानधन मिळालेच पाहिजे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. उल्हासनगर महापालिका आणि अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांनी त्यातील वाटा एकत्र करून सामाईक मार्गदर्शक यादी तयार करावी. तिन्ही शहरांचे दिव्यांग नागरिक एकाच लोकलने जातात, एकाच बाजारात काम शोधतात. म्हणून तीन वेगळ्या योजनांपेक्षा एक सामाईक सेवा अधिक उपयोगी ठरेल. कमावत्या दिव्यांगाचा अनुभव ही या शहरांकडे आधीच असलेली संपत्ती आहे, आणि ती पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवणे हे नगरप्रशासनाचे कर्तव्य आहे.