पत्ता बदललेली माणसं : दंगलीनंतरचं शहर आणि आपलं काशीगाव

काशीगाव म्हटलं की हल्ली लोक मेट्रोच्या ९ नंबरच्या मार्गिकेवरचं स्थानक सांगतात. त्याआधी काशीमिऱ्याचा नाका सांगायचे. मला मात्र इथलं एक जुनं नाव जास्त कामाचं वाटतं, ते म्हणजे जरीमरीचा तलाव. गणपती विसर्जनाला तुम्ही तिथे गेला असाल. जरीमरी ही पटकीसारख्या साथींची देवी. ‘मरी आली’ म्हणजे गावात माणसं पटापट मरायला लागली.

अशा वेळी गावं काय करायची? महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी मरीआईचा गाडा काढायचे. घरटी वर्गणी जमवायची, छोटा गाडा करायचा, नैवेद्य ठेवायचा आणि वाजतगाजत तो गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. औषध म्हणून याचा उपयोग शून्य. पण भेदरलेलं गाव या निमित्ताने घराबाहेर पडायचं, एकत्र यायचं, आपण काहीतरी केलं असं त्याला वाटायचं. गाडा शिवेपलीकडच्या गावाच्या दारात जायचा ही गोष्ट वेगळी. मग ते गाव तो आणखी पुढे ढकलायचं.

माझ्या संशोधनाचा विषय ‘सामूहिक आघातानंतर शहरं काय करतात’ असा आहे. नाव भारदस्त आहे, पण प्रश्न साधा आहे. दंगल होते, बॉम्बस्फोट होतो. मृतांचे आकडे लागतात, पंचनामे होतात, मदत जाहीर होते. त्यानंतर त्या वस्तीतल्या माणसांच्या मनाचं आणि एकमेकांशी असलेल्या संबंधांचं काय होतं, आणि त्यासाठी शहर म्हणून कुणी काही करतं का?

अमेरिकेत यावर आता सरकारी योजना आहेत. बाल्टिमोर शहरात २०१५ मध्ये पोलीस कोठडीत जबर जखमी झालेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाचा मृत्यू झाला आणि शहर पेटलं. २०२० मध्ये तिथल्या नगर परिषदेने कायदाच केला. शहराच्या कर्मचाऱ्यांना आघात म्हणजे काय, तो माणसाच्या वागण्यात कसा दिसतो, याचं प्रशिक्षण द्यायचं. सुरुवात कुठून, तर सार्वजनिक ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांपासून. हे वाचून ‘आपल्याकडे असलं काही कुठे होतं?’ असं म्हणायचा मोह होतो. पण होतं, आणि त्यांच्या आधी होतं. काशीमिऱ्याहून घोडबंदर रोडने ठाण्याला जा, पुढे कशेळीचा पूल ओलांडा, की आलीच भिवंडी.

भिवंडीत ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली. तिची चौकशी न्यायमूर्ती मदन आयोगाने केली. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच, आणि यावेळी मुंबई-ठाण्यापर्यंत. एकूण मृतांचा आकडा अडीचशेच्या वर गेला. दोन्ही वेळी गावात ‘शांतता समिती’ नावाचा प्रकार होताच. तो अजूनही सगळीकडे असतो. सणाच्या आधी पोलीस ठाण्यात खुर्च्या मांडतात, दोन्हीकडचे पुढारी येतात, चहा होतो, फोटो निघतो. ज्यांना भांडणातून काही मिळवायचं असतं त्यांच्याचकडे शांततेची जबाबदारी, असा हा मामला.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले आणि त्यांनी हे उलटं केलं. पुढारी वगळले. मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या केल्या, सुमारे ७०. हिंदू आणि मुस्लिम निम्मे निम्मे. सभासद कोण, तर यंत्रमाग कामगार, रिक्षावाले, दुकानदार, घरच्या बायका. प्रत्येक समितीला ठरलेला पोलीस जोडलेला, आणि बैठका सणापुरत्या नाहीत, नियमित. मला यातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो तो बैठकीच्या विषयांचा. ‘जातीय सलोखा’ हा विषय जवळजवळ नसायचाच. नळाचं पाणी, गटार, दारू पिऊन मारणारा नवरा, गल्लीतला टवाळखोर, असले विषय. सलोख्यावर भाषण करायला दोन माणसांना एकमेकांची ओळख लागत नाही. गटाराच्या तक्रारीवर सही करायला लागते. शिवाय ज्या पोलिसाला दंगलीत फक्त काठी घेऊन धावताना पाहिलं, तो दर काही दिवसांनी समोर सतरंजीवर बसून गटाराबद्दल ऐकतो, हेही लहान नव्हे.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. मुंबई जळाली आणि भिवंडी का नाही, हाच प्रश्न घेऊन खोपड्यांनी पुढे पुस्तक लिहिलं. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनीही २००२ च्या आपल्या ग्रंथात भिवंडीची दखल घेतली. आता संशोधक म्हणून थोडी सावधगिरी. सगळं श्रेय समित्यांना देणं मला पटत नाही. मागवाला एका समाजाचा, कामगार दुसऱ्या, व्यापारी तिसऱ्या, अशी तिथली धंद्याची वीण आहे. दंगलीने मागाचा खडखडाट थांबला की सगळ्यांचंच पोट थांबतं, हे लोकांना दोन दंगलींनी शिकवलं होतं. पण शिकलेलं एकमेकांना सांगायला जागा लागते, ती समित्यांनी दिली, इतकं नक्की म्हणता येईल.

हे टिकलं का? अधिकारी बदलले, बैठका विरळ झाल्या. ५ जुलै २००६ ला भिवंडीत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून जमाव आणि पोलीस भिडले. गोळीबारात दोघे गेले, आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. वाद कशावरून, तर पोलीस ठाण्यावरून. ज्या गावात पोलीस आणि मोहल्ला एका सतरंजीवर बसत होते, तिथे! एका अधिकाऱ्याच्या जिवावर चालणारी योजना त्याच्या बदलीच्या आदेशाबरोबर सामान बांधते, हे आपल्याकडच्या बहुतेक चांगल्या प्रयोगांचं दुखणं आहे.

मुंबईत वळू. श्रीकृष्ण आयोगाने दोन्ही टप्प्यांत मिळून ९०० मृत्यू नोंदवले. पाठोपाठ १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट, त्यात २५७ मृत्यू. १९९४ मध्ये पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे वगैरे मंडळींनी भिवंडीचं उदाहरण समोर ठेवून मुंबईत मोहल्ला समित्यांची चळवळ उभी केली. इथे पोलिसांच्या जोडीला नागरिकांचा ट्रस्ट होता, त्यामुळे ती अधिक टिकली. वस्त्या आणि पोलीस यांचे क्रिकेटचे सामने झाले. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या जोडगोळीने काम केलं. चार धर्मांच्या वेशातली चार मुलं आणि ‘हम सब एक हैं’ हे त्यांचं पोस्टर अनेकांनी पाहिलं असेल.

आता खरा मुद्दा. या सगळ्या समित्या कुठे होत्या? जिथे दंगल झाली तिथे, म्हणजे धारावी, जोगेश्वरी, भायखळा, डोंगरी या भागांत. बरोबरच आहे, असं वाटेल. पण दंगल सोसलेली सगळी माणसं तिथे राहिली होती का?

नव्हती. जिथे आपण संख्येने कमी तिथे राहायचं नाही, हे अनेक घरांनी त्या दोन महिन्यांत ठरवलं. मिळेल त्या भावात खोल्या विकल्या. मुस्लिम कुटुंबं मोठ्या प्रमाणात मुंब्र्याला आणि मीरा रोडला आली. मुस्लिमबहुल भागांतली हिंदू कुटुंबंही हलली. मीरा रोडचं नया नगर दंगलीच्या आधी, ऐंशीच्या दशकातच आकाराला येत होतं. दंगलीनंतर तिथे घर शोधणाऱ्यांची रीघ लागली. मीरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१ ला पावणेदोन लाखांच्या आसपास होती, २००१ ला ती पाच लाख वीस हजारांवर गेली. सगळी वाढ दंगलीमुळे झाली असं म्हणणं चूक ठरेल. स्वस्त फ्लॅट, लोकल आणि गिरणगावातून उठलेली मराठी कुटुंबं, अशी बरीच कारणं आहेत. पण दहिसरचा नाका ओलांडून आलेल्या गर्दीत जळलेलं घर पाहिलेली माणसंही होती.

आणि नाक्याच्या अलीकडे काय होतं? काल-परवापर्यंतच्या ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ मध्ये केलेली नगरपरिषद. तिच्याकडे पाणी पुरवायची मारामार होती. महापालिका झाली २००२ मध्ये. पोलीस तर ठाणे ग्रामीणचे. लाखोंच्या वस्तीचं शहर कागदावर ‘ग्रामीण’ राहिलं ते थेट २०२० पर्यंत. त्या वर्षी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं. मुंबईच्या आयुक्तांनी पुढाकार घेतलेली मोहल्ला चळवळ मुंबईची हद्द संपते तिथे संपणार, यात कुणाचा दोष नव्हता. हद्दच तशी होती. मलम जागेला लावलं गेलं आणि जखम माणसांबरोबर विरार लोकलने पुढे गेली. जरीमरीचा गाडा मला इथे आठवतो.

याचा पुरावा काय, असं माझे मार्गदर्शक नेहमी विचारतात. तुम्हीही विचारा. माझ्याकडचा सर्वांत बोलका पुरावा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे, तारीख ४ नोव्हेंबर २०२२. दंगलीत मृतांव्यतिरिक्त १६८ माणसं बेपत्ता होती. त्यांच्या कुटुंबांनाही मृतांच्या कुटुंबांसारखीच दोन लाखांची भरपाई मिळायची होती. तीस वर्षांनी सरकारने न्यायालयात सांगितलं की ६० कुटुंबांना पैसे दिले, उरलेल्या १०८ जणांचे वारस सापडले नाहीत. कारण? योग्य पत्ता आणि कुटुंबाची माहिती मिळाली नाही.

हे वाक्य वाचून मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. दंगलीत माणूस गेला, त्याचं प्रेत मिळालं नाही म्हणून तो ‘बेपत्ता’. मग घरच्यांनी ती जागा सोडली आणि सरकारच्या लेखी तेही बेपत्ता. त्यातले किती मुंब्र्यात असतील, किती गावी परत गेले असतील, किती आपल्या शेजारच्या विंगमध्ये असतील, हे त्या फाइलीतून कळणं शक्य नाही.

मीरा रोडच्या वाट्याला पुढे स्वतःचाही आघात आला. भिवंडीच्या त्या प्रकारानंतर अवघ्या सहा दिवसांनी, ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्यातला एक मीरा रोड आणि भाईंदरच्या मध्ये. रुळांलगतच्या वस्त्यांतले लोक चादरी घेऊन धावले, जखमींना त्यात घालून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या आणि ‘मुंबई स्पिरिट’चे मथळे झळकले. मला त्या शब्दाचा राग आहे. दुसऱ्या दिवशी लोकलला लटकलेला माणूस सावरलेला नसतो, त्याला पगार कापून घ्यायचा नसतो. या खटल्यात दोषी ठरलेल्या सर्व १२ जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ ला निर्दोष सोडलं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने एवढंच सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. म्हणजे ज्यांचं माणूस गेलं त्यांना एकोणीस वर्षांनी उत्तर नाही, आणि जे आत होते त्यांची ती सगळी वर्षं गेली. या दोन्ही घरांना एका खोलीत बसवून ऐकून घेईल अशी यंत्रणा आपल्या कुठल्याच शहराने उभी केलेली नाही.

आणि २१ जानेवारी २०२४ ची रात्र तुम्हाला आठवत असेलच. नया नगर भागात गाड्यांच्या मिरवणुकीवरून हाणामारी झाली. दोन दिवसांनी तिथे अतिक्रमण म्हणून बुलडोझर फिरला. अतिक्रमण होतं की नव्हतं हा वाद कायद्याचा आहे, त्यात मी जात नाही. मी ज्या अंगाने पाहते ते इतकंच, की त्या गल्ल्यांत १९९३ मध्ये घर सोडून आलेली माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. बांधकाम पाडलं जाण्याचा आवाज त्यांना जसा ऐकू येतो, तसा तो दुसऱ्या कुणाला येत नाही. महापालिकेच्या कर्मचाऱ्याला हे माहीत असावं, एवढीच बाल्टिमोरच्या त्या कायद्याची अपेक्षा आहे.

आता तुमच्याकडे एक काम. २०२२ च्या निकालात न्यायालयाने त्या १०८ कुटुंबांचा शोध घ्यायला सांगितलं आणि सापडतील त्यांना दोन लाख रुपये जानेवारी १९९९ पासूनच्या ९ टक्के व्याजासह द्यायला सांगितले. देखरेखीसाठी महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांची समिती नेमली. तुमच्या सोसायटीत, मुलाच्या शाळेच्या फाटकापाशी, मशिदीत किंवा मंडळात कुणाच्या घरचं माणूस ९२-९३ मध्ये गेलं ते परतलंच नाही, अशी गोष्ट कधी कानावर आली असेल तर त्यांना हे सांगा. ठाण्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, सल्ल्याचे पैसे पडत नाहीत. जाताना त्या वेळची पोलीस तक्रार, जुनं रेशन कार्ड, जुन्या खोलीची भाडेपावती, जे काही जुना पत्ता दाखवेल ते बरोबर न्यायचं.