गिरणीच्या दाराआतील विमा

आमच्या ज्ञातीतील जुन्या घरांच्या ट्रंकांतून राज्य कामगार विमा योजनेची जीर्ण ओळखपत्रे आजही सापडतात. वडीलधारी मंडळी मुंबईस येऊन गिरणीत लागली, तेव्हा दुखण्याखुपण्यात सावकार आणि घरातला दागिना एवढाच काय तो आधार होता. प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालावरून १९४८ चा कायदा झाला आणि १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे सुरू झालेली योजना १९५४ साली मुंबईत आली.

या योजनेतील दोन गोष्टी आम्हांस विशेष वाटतात. ज्याची रोजची मिळकत एक रुपयाहून कमी, त्याने वर्गणी द्यावयाची नव्हती. भरणा मालकाने करावयाचा. शिवाय डॉक्टर व औषध यांवर न थांबता, आजारपणात सुमारे निम्मा पगार वर्षातून आठ आठवड्यांपर्यंत रोख मिळे. गरिबास औषध विकत घ्यावे लागते आणि त्याचा रोजही बुडतो, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते. (कुटुंबीयांच्या औषधोपचारास मात्र १९५८ पर्यंत वाट पाहावी लागली.)

परंतु हे सारे कारखान्याच्या दाराच्या आत. हमाल, फेरीवाले, घरकाम करणाऱ्या भगिनी बाहेरच राहिल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार उतरले. ज्यांची नोकरी पुन्हा मिळाली नाही, त्यांचे विमापत्रही कालांतराने निरुपयोगी झाले, आणि तेही दुखणी वाढण्याच्या वयात.

पुढे १९९६ साली जनआरोग्य विमा आला. तरुणास हप्ता वर्षाला ७० रुपये, संरक्षण ५,००० रुपयांचे! हप्ता परवडे, पण रुग्णालय परवडत नसे. राज्य शासनाने २०१२ साली आठ जिल्ह्यांत आरंभिलेली आणि आता महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालणारी योजना मोठ्या शस्त्रक्रियांस वरदान ठरली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. तथापि ती मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते; मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांना आणि बुडालेल्या मजुरीला तिच्यात स्थान नाही. खासगी विम्यावरील १८ टक्के कर सप्टेंबर २०२५ मध्ये उठला, परंतु वयाबरोबर चढणारा मूळ हप्ता तसाच आहे.

आमच्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे येणारे अर्ज पाहता, मागणी बहुधा शस्त्रक्रियेची नसते. महिन्याच्या औषधांची आणि थकलेल्या भाड्याची असते. आमच्या छापील अर्जात रुग्णालयाच्या नावाचा रकाना आहे, बुडालेल्या रोजाचा नव्हता. यंदापासून तो घातला आहे. अर्जदारांनी तो संकोच न करता भरावा.