तिथी, वार आणि तास : शालेय वेळापत्रकाच्या इतिहासाचा सोलापूरच्या संदर्भात विचार

शिक्षणाच्या इतिहासावर आपल्याकडे जे लेखन झाले आहे, त्यात खलिते, आयोग, संस्थापक आणि क्रमिक पुस्तके यांना विपुल जागा मिळाली आहे. शाळेच्या कार्यालयात भिंतीवर चिकटवलेला आणि वर्षअखेर फाडून टाकला जाणारा जो आखीव कागद, त्या वेळापत्रकाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष सहसा गेलेले नाही. वास्तविक शाळेत कोणत्या विषयास किती मान होता, शिक्षक किती होते, खोल्या किती होत्या आणि मुलांच्या वेळेवर शाळेखेरीज आणखी कोणाचा हक्क होता, हे जितके या कागदावरून कळते तितके वार्षिक अहवालावरून कळत नाही. अहवाल हेतू सांगतो. वेळापत्रक व्यवहार सांगते. प्रस्तुत लेखात या साधनाचा विचार सोलापूर शहर डोळ्यांपुढे ठेवून केला आहे.

सोलापुरात आरंभ करावयाचा तर शुक्रवार पेठेच्या नावापासूनच करणे सोयीचे. वारांच्या नावांनी पेठा वसविण्याची पद्धत पुण्याप्रमाणे सोलापुरातही आहे. दख्खनी गावात आठवड्याची गणना प्रामुख्याने बाजाराशी निगडित होती. आठवड्याचा बाजार ज्या वारी भरे त्या वारास गावाच्या जीवनात अर्थ असे. विद्येचा कालक्रम याहून निराळा होता. तो वारावर नव्हे, तिथीवर चाले. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात अनध्यायाच्या प्रसंगांची लांबलचक यादी आहे. अमावास्या, चतुर्दशी, अष्टमी आणि पौर्णिमा या दिवशी अध्ययन केल्यास कोणाकोणाचा नाश होतो हेही तेथे सांगितले आहे. प्रतिपदेचाही अनध्याय पाळण्याचा प्रघात होता. म्हणजे पक्षात चार दिवस सुटीचे. पंतोजींच्या शाळांत ही सोवळी काटेकोरी नसली, तरी सुटी अमावास्या-पौर्णिमेची आणि सणावारांचीच असे. बाजाराचा आठवडा आणि शाळेचा पंधरवडा अशी ही दोन कालमाने एकाच गावात शेजारी शेजारी नांदत होती.

पंतोजींच्या शाळेस वेळापत्रक नव्हते, यावरून ती शाळा अव्यवस्थित होती असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तेथे वर्गच नव्हता. एक मुलगा धुळपाटीवर अक्षरे गिरवी, दुसरा मोडीचा कित्ता काढी, तिसरा पावकी-निमकी घोकी. प्रत्येकजण आपल्या गतीने पुढे जाई आणि पंतोजी एकेकाकडे पाहत. सायंकाळचा परवचा तेवढा सामुदायिक. अनेक मुलांनी एकाच वेळी, एकाच विषयाचा, एकाच पायरीवरचा पाठ घ्यावयाचा असे ठरले, की मगच तो पाठ केव्हा सुरू व्हावा आणि केव्हा संपावा हा प्रश्न उद्भवतो. वेळापत्रक हे वर्गाचे अपत्य आहे. ‘तास’ हा शब्दही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. तास म्हणजे मूळचे धातूचे पात्र वा थाळी. ती वाजवून वेळ कळविली जाई. भांड्याचे नाव काळाच्या मापास मिळाले आणि पुढे ते शाळेत पस्तीस-चाळीस मिनिटांच्या पाठासही चिकटले. आज ‘गणिताचा तास’ साठ मिनिटांचा नसतो याचे कोणास आश्चर्य वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून मुंबई इलाख्यात शाळा संस्थांमार्फत आणि पुढे सरकारमार्फत चालू लागल्या. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये इलाख्याचे शिक्षणखाते स्थापन झाले. इयत्ता, तपासनीस आणि अनुदान यांची साखळी तयार झाली. सरकारी शाळांनी रविवार पाळला आणि तिथीची सुटी मागे पडली. या बदलाचे एक अंग सहसा लक्षात घेतले जात नाही. तिथी ही क्षयवृद्धी पावते. अमावास्या कोणत्या वारी येईल याचा नेम नसतो. अशा कालमानावर ‘सोमवारी तिसरा तास भूगोल’ अशी आखणी होऊच शकत नाही. साप्ताहिक वेळापत्रकास आवर्तनाची जी निश्चिती लागते, ती आठवड्यानेच दिली.

त्यानंतरचा टप्पा अनुदानाचा. १८६५ च्या सुमारास इलाख्यात निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत आली. तपासनिसापुढे किती विद्यार्थी कोणत्या विषयात उतरले यावर रक्कम ठरे. ज्या विषयास पैसा, त्यास वेळ, हे मग ओघानेच आले. १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावाने ही पद्धत टाकून देण्याचे ठरले. परंतु परीक्षेच्या विषयांना सकाळचे ताजे तास आणि चित्रकला, व्यायाम यांना दिवसाचे शेपूट, ही वाटणी पद्धतीबरोबर गेली नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेत मोडी-बालबोध, हिशेब, इतिहास-भूगोल यांच्या जोडीस शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे साधे पाठ असावेत असे सुचविले होते. या सूचनेचे पुढे काय झाले हे पाहावयाचे तर ठराव पाहू नयेत. शाळांनी शेतीस आठवड्याचे किती तास दिले ते पाहावे.

घड्याळाचीही एक कथा आहे. १८६० मध्ये सोलापूरपर्यंत लोहमार्ग आला. १८७० नंतर रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेनुसार धावत; ती वेळ सोलापूरच्या सूर्यमानाहून सुमारे १७ मिनिटे पुढे होती. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, ती येथील सूर्यापेक्षा सुमारे २६ मिनिटे पुढे आहे. सकाळी सातची शाळा म्हणजे सूर्यमानाने साडेसहाच्या आसपासची शाळा होय.

परंतु सोलापुरात मुलांच्या दिवसाचे खरे वेळापत्रक रेल्वेने नव्हे, गिरणीने आखले. १८७७ मध्ये येथील पहिली कापड गिरणी सुरू झाली. ‘जुनी मिल’ म्हणून ती ओळखली गेली. नंतर लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू अशा गिरण्या निघाल्या आणि भोंगा हे गावाचे घड्याळ बनले. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसास ९ तासांवर आणले. १८९१ च्या कायद्याने किमान वय ९ केले, चौदा वर्षांखालील मुलांचे तास ७ केले आणि साप्ताहिक सुटीची तरतूद केली. त्याच्या आदल्याच वर्षी, १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांस यश येऊन मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली होती. १९११ मध्ये कापड गिरण्यांपुरते मुलांचे तास ६ झाले. १९२२ मध्ये किमान वय १२ झाले.

या आकड्यांकडे शाळेच्या बाजूने पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ पालटतो. इंग्लंडमध्ये १८४४ च्या कायद्याने अर्धवेळ काम करणाऱ्या मुलास दिवसाचे काही तास शाळेत जाणे बंधनकारक केले होते. शाळेच्या दाखल्याविना कामावर ठेवता येत नसे. भारतीय कायद्यांनी कामाचे तास तोडले, पण सुटलेले तास शाळेकडे वळविले नाहीत. सात तास काम केलेल्या नऊ वर्षांच्या मुलाचा उरलेला दिवस कोणाचा, यावर कायदा मूक राहिला. अशा मुलांसाठी शाळा काढावयाची तर तिने पाळीच्या आधी अथवा नंतर उभे राहावयाचे. विणकरांच्या घरांत तर हेही नव्हते. हातमागावर कांड्या भरणारे मूल कारखान्यात मोडत नसल्यामुळे त्यास कायदा लागूच होत नव्हता. त्याचे वेळापत्रक मागावरचा ताणा ठरवी. पटावर नाव आहे पण दुपारनंतर मूल नाही, या तक्रारीचे मूळ पालकांच्या अनास्थेत शोधण्याची सवय शिक्षणखात्यास होती. ते मूळ बहुधा दोन वेळापत्रकांच्या टकरीत होते.

दिवस अर्धा करण्याचा प्रश्न किती स्फोटक असू शकतो हे मद्रास राज्यात दिसले. १९५३ मध्ये राजाजींनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून दोन पाळ्यांची योजना आणली आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा असे सुचविले. ही जातीने ठरलेल्या धंद्यात मुलांना परत ढकलण्याची युक्ती आहे, असा विरोधकांचा आक्षेप होता. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि योजना रद्द झाली. हा आक्षेप प्रस्तुत लेखकास मुळात योग्य वाटतो.

आता वेळापत्रक रचण्याच्या कृतीविषयी थोडे. समजा, एका माध्यमिक शाळेत १२ तुकड्या आहेत. पाच दिवस आठ तास आणि शनिवारी सकाळची शाळा म्हणून पाच, असे आठवड्याचे ४५ तास. एकूण ५४० घरे भरावयाची. प्रत्येक शिक्षकास ३० तास दिले तर १८ शिक्षक बरोबर पुरतात. पण संख्या जुळली म्हणजे वेळापत्रक जुळले असे नव्हे. केवळ कोणत्या शिक्षकाने कोणत्या तुकडीस किती तास द्यावेत एवढीच अट असेल, तर ते नेहमीच जुळते. हंगेरियन गणिती केनिग याच्या १९१६ मधील सिद्धांतावरून हे निघते. अडचण येते ती दुसऱ्या अटींनी. चित्रकलेचे शिक्षक तीनच दिवस येतात, प्रयोगशाळा एकच आहे, भाषेच्या तासास तुकडी फुटून दोन खोल्यांत जाते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषांच्या शाळा असलेल्या या शहरात भाषेची अट विशेष जाणवणारी. शिक्षकांच्या उपलब्धतेची बंधने आली की हा प्रश्न अवघडांतल्या अवघड वर्गात मोडतो, हे ईवन, इताई आणि शमीर यांनी १९७६ मध्ये सिद्ध केले. पर्यवेक्षक मंडळी जून महिन्यात शिसपेन्सिल, खोडरबर आणि पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन जो प्रश्न सोडवीत, त्यास आजही सर्वत्र लागू पडणारी झटपट रीत ज्ञात नाही. संगणक आला तरी मोकळा तास कोणास, शेवटचा तास कोणाच्या माथी आणि बदली तास कोणाच्या वाट्यास, हे शेवटी माणसेच ठरवितात. शिक्षकखोलीतील ज्येष्ठता-कनिष्ठता अभ्यासावयाची असेल, तर शनिवारचा पहिला तास कोणास दिला आहे ते पाहावे.

सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे आता थांबले आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीस वर्षास २०० दिवस व ८०० तास, सहावी ते आठवीस २२० दिवस व १००० तास असे किमान मान घालून दिले. मुलाच्या वेळेवर शाळेचा पहिला हक्क कायद्याने मान्य झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ पूर्वी भरवू नयेत असा आदेश काढला. लहान मुलांच्या झोपेचा विचार आदेशात आहे, आणि तो स्वागतार्हच आहे. परंतु जेथे एकाच इमारतीत दोन पाळ्या भरतात, तेथे सकाळची पाळी दोन तास पुढे सरकली की दुपारची पाळी सायंकाळच्या अंधारात ढकलली जाते, आणि दुपारच्या पाळीत बहुधा मोठ्या मुली असतात. अशा शाळांची जून २०२४ पूर्वीची आणि नंतरची वेळापत्रके आज कार्यालयांत शाबूत असतील. ती रद्दीत जाण्यापूर्वी एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने पेठापेठांतून गोळा करावीत.