पिंपरी-चिंचवड–चाकण औद्योगिक पट्टा : ऊर्जासंक्रमण, कृत्रिम बुद्धिमत्ता व व्यापारी तंटे

पुणे जिल्ह्यातील या वाहननिर्मिती पट्ट्यात सौर विजेबरोबर करारांची गुंतागुंतही वाढली. कळीचा मुद्दा ‘कॅप्टिव्ह’ (स्वतःच्या वापरासाठीची वीजनिर्मिती) दर्जाचा. वीज नियम, २००५ नुसार प्रकल्पात वापरकर्त्यांची किमान २६ टक्के मालकी हवी आणि वर्षाकाठी किमान ५१ टक्के वीज त्यांनीच वापरायला हवी. ही अट मोडली, तर क्रॉस-सबसिडी अधिभार लागतो. तो वीजनिर्मात्याने सोसायचा की कारखान्याने, हे करारात स्पष्ट नसणे लहान पुरवठादाराला फार महाग पडते. दराचे प्रश्न महाराष्ट्र वीज नियामक आयोगाकडे जातात.

कृत्रिम बुद्धिमत्तेने धोका थेट कागदपत्रांत आणला आहे, कारण ती खोटे संदर्भही रचू शकते. २०२५ मध्ये केएमजी वायर्स प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांवर विसंबलेला करआकारणी आदेश रद्द केला.